वाडीचा मुक्काम

नरसोबाच्या वाडीचा इतिहास बहुधा पादुकांपासून सुरू होतो आणि पादुकांपाशीच संपतो. श्रीनृसिंहसरस्वतींचे बारा वर्षांचे वास्तव्य, औदुंबर, कृष्णा-पंचगंगेचा संगम, विजापूरच्या आदिलशहाची कथा, नारायणस्वामी, टेंबेस्वामी, उत्सव, पालखी. हे सारे योग्यच आहे. पण या मांडणीत वाडीची एक जुनी संस्था हमखास सुटते. तिला नोंदणी क्रमांक नाही, घटना नाही, अध्यक्ष-कार्यवाह नाहीत. घाटाच्या वर, देवळाकडे उतरणाऱ्या बोळांत पुजाऱ्यांची आणि सेवेकऱ्यांची घरे आहेत आणि त्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या परगावचे लोक उतरत आले आहेत. रात्रीची पथारी, पहाटेचे कढत पाणी, सकाळची न्याहारी आणि दुपारचे पान एवढाच या संस्थेचा कारभार. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की मुक्कामाची ही घरे देवस्थानाची पुरवणी नव्हेत, ती त्याचे दुसरे अंग आहेत. त्यांना हा आकार भाविकांच्या श्रद्धेने जितका दिला, तितकाच किंवा काकणभर जास्तच नदीने दिला.

पहिला पुरावा खुद्द गुरुचरित्रातला. सरस्वती गंगाधरांचा हा ग्रंथ सोळाव्या शतकातला, म्हणजे श्रीगुरूंच्या (श्रीनृसिंहसरस्वतींच्या) काळानंतर सुमारे शंभर वर्षांचा. त्यामुळे त्यातला चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी त्या काळच्या लोकव्यवहाराचा साक्षीदार म्हणून तो भरवशाचा आहे. संन्याशाने एका गावी फार काळ राहू नये, पावसाळ्याचे चार महिने तेवढे एका जागी काढावेत, असा यतिधर्म. श्रीगुरूंनी भिलवडीजवळच्या औदुंबराला चातुर्मास केला आणि पुढे संगमावर येऊन बारा वर्षे मुक्काम केला, असे परंपरा सांगते. वाडीच्या कथेचा पायाच असा एका लांबलेल्या मुक्कामावर उभा आहे. अठराव्या अध्यायात संगमाजवळच्या अमरापूर गावच्या दरिद्री ब्राह्मणाची गोष्ट येते. घरात शिजवायला दाणा नाही, दारात घेवड्याचा वेल, त्याच्याच शेंगांवर कुटुंबाची गुजराण. श्रीगुरू भिक्षेला आले तेव्हा त्यांना वाढली ती घेवड्याचीच भाजी. जेवून जाताना त्यांनी तो वेल उपटून टाकला आणि वेलाच्या मुळाशी द्रव्याने भरलेला कुंभ निघाला. गोष्टीचे तात्पर्य पुराणिक सांगतातच. इतिहासाच्या अभ्यासकाने पाहायची गोष्ट निराळी आहे. राहणे नदीकाठी झाडाखाली आणि जेवणे गावातल्या घरी, ही विभागणी ग्रंथात पहिल्यापासून आहे. काठावर देव आणि वर अन्न. पुढच्या अध्यायात श्रीगुरू दुपारी गावात भिक्षेला का येत नाहीत, याची लोकांना पडलेली चिंता आणि नदीच्या पोटात योगिनींनी त्यांना जेवू घातल्याचे गंगानुज नावाच्या भक्ताने पाहिलेले दृश्यही येते. म्हणजे पाहुण्याला कोण वाढते, हा प्रश्न त्या गावाला तेव्हापासूनच महत्त्वाचा वाटत होता. वाडी सोडताना श्रीगुरूंनी येथे अन्नपूर्णा ठेवली, हा विश्वास त्याच धाग्यातला.

आता नदीकडे पाहू. पंचगंगा प्रयाग चिखलीशी तयार होते, कोल्हापूरला वळसा घालते आणि पूर्वेला सपाट मुलखातून वाहत येऊन वाडीशी कृष्णेला मिळते. या टप्प्यात तिला उतार फार थोडा आहे. कोयनेच्या बाजूने कृष्णा फुगलेली असेल तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाटच मिळत नाही, ते मागे तुंबते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर गेली की धोका, हे आकडे जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. वाडीला मात्र एकाच वेळी दोन नद्यांचा हिशेब ठेवावा लागतो. अशा काठावर टिकाऊ आणि उंच असे काही बांधण्यात अर्थ नसतो. वाडीच्या मुख्य मंदिराला नेहमीच्या देवळासारखे शिखर नाही. आदिलशहाने बांधले म्हणून ते तसे, असे परंपरा म्हणते, आणि औरवाड-गौरवाड ही गावे त्यानेच इनाम दिल्याचेही सांगितले जाते. बांधणाऱ्याचे नाव कोणतेही असो, बुटके, दगडी, दोन्ही बाजूंनी पाणी आरपार जाऊ देणारे हे मंदिर पुराशी भांडण्यासाठी बांधलेले नाही. पाणी आत येणार हे धरूनच ते उभे आहे. देवळाला जे ठेवून घेता येत नाही, ते सारे वरच्या घरांना ठेवून घ्यावे लागते: सामान, भांडीकुंडी, धान्य आणि माणसे. पुराचे पाणी चढू लागले की उत्सवमूर्तीही वर आणतात आणि पाणी उतरेपर्यंत नित्यपूजा तिथेच चालते. देवालाच जिथे दर पावसाळ्यात मुक्काम हलवावा लागतो, तिथे माणसाला उतरून घेण्याची सोय ही सवड असेल तर करायची गोष्ट राहत नाही.

यावर कुणी म्हणेल की तीर्थक्षेत्र म्हटले की धर्मशाळा आलीच, वाडीचे त्यात वेगळे काय? वेगळेपण दिनक्रमात आहे. पंढरपूर मुख्यतः वारीचे गाव, तिथे गर्दी तिथीला बांधलेली. वाडीला पौर्णिमा आहे, गुरुवार आहे, गुरुद्वादशी, दत्तजयंती, गुरुप्रतिपदा आहे, पण तिचा कणा आहे तो रोजचा क्रम. पहाटे काकड आरती, सकाळी पादुकांवर अभिषेक, दुपारी महापूजा, मग पवमानपठण, संध्याकाळी धूपारती आणि रात्री शेजारती. पहिली गोष्ट उजाडण्यापूर्वीची आणि शेवटची निजानीज झाल्यावरची. दोन्ही गाठायच्या तर रात्र वाडीतच काढली पाहिजे. त्यातही येणाऱ्यांतला मोठा वर्ग दर्शन घेऊन निघून जाणारा नसतो. कुणी गुरुचरित्राचे सात दिवसांचे पारायण धरलेले, कुणी प्रदक्षिणांचा संकल्प सोडलेला, कुणाच्या घरचे माणूस दुखणाईत किंवा मनाने ढासळलेले म्हणून त्याला घेऊन महिनोन्‌महिने सेवेला राहिलेले. या शेवटच्या प्रकाराविषयी आजचा डॉक्टर वेगळे बोलेल आणि ते त्याने बोललेच पाहिजे. पण ज्या काळात अशा माणसाला घराबाहेर कुठेही थारा नव्हता, त्या काळात त्याला आणि त्याच्या आईला एक खोली आणि दोन वेळचे पान देणारी घरे होती, याची नोंद इतिहासात झाली पाहिजे. तिथीच्या गर्दीला धर्मशाळेची ओवरी पुरते. पारायणाला बसलेल्याला घर लागते, कारण त्याचे सोवळे, हविष्यान्न, उपास आणि झोपण्या-उठण्याच्या वेळा सांभाळणारे कुणीतरी त्याला हवे असते.

ते घर कसे असे, हे नेमके पाहण्यासारखे आहे. पुढे सोपा, आत माजघर, वर माडी आणि माडीवर माळा. पाहुण्यांची उतरण्याची जागा बहुधा सोप्यात किंवा माडीवर. न्हाणीत तांब्याचा बंब, आणि तो पेटवायची वेळ घरच्यांच्या सोयीने ठरत नाही, काकड आरतीच्या वेळेवरून ठरते. न्याहारीचेही तेच. अभिषेकाचा संकल्प असलेला माणूस आधी तोंडात काही घालणार नाही, म्हणून चूल लवकर पेटलेली असली तरी पोहे-उप्पीट देऊळ आटोपून आल्यावरच. गुरुवार असेल तर साबुदाण्याची खिचडी. दुपारच्या पानात काठच्या वांग्यांची भाजी आणि श्रावण-भाद्रपदात घेवडा. वाडीची बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी प्रसिद्ध झाली ती दुकानांमुळे, पण दुकानांना गिऱ्हाईक मिळाले ते मुक्कामाला राहिलेल्या माणसांचे. घाईत येऊन घाईत जाणाऱ्याच्या भरवशावर दुधाचा एवढा व्यवहार उभा राहत नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने पुढे ‘निवास व न्याहारी’ या नावाने घरगुती खोल्यांची योजना आणली. त्या योजनेत ज्याला पर्यटन म्हणतात, ते वाडीच्या गृहिणी कसल्याही योजनेविना करीत आल्या होत्या. या साऱ्या इतिहासात पुजाऱ्यांची, स्वामींची, संस्थानिकांची नावे येतात. चुलीपुढच्या बाईचे नाव कुठेच येत नाही, आणि हा मुक्काम उभा राहिला तो मुख्यतः तिच्या कष्टावर.

1891 मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि मुक्कामाचा पसारा वाढला. शिरोळ रोड स्थानकावर उतरायचे आणि तिथून गाडीने वाडी. त्याच स्थानकाजवळ शाहू महाराजांनी पुढे जयसिंगपूरची पेठ वसवली. कोकणातून घाट चढून येणारे, बेळगाव-धारवाडकडचे कानडी बोलणारे आणि मुंबई-पुण्याचे नोकरदार असे तिन्ही प्रकारचे पाहुणे एकाच सोप्यात पथाऱ्या टाकू लागले. वाडीच्या घरांतून कानडी समजते, त्यात या रहदारीचाही वाटा असावा.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप सरळ आहे: हा धंदा आहे, त्याला संस्था कशाला म्हणायचे? खोलीचे पैसे घेतात, ताटाचे घेतात, पौर्णिमेला दर चढतात. हे खरेच आहे, आणि ते झाकण्यात हशील नाही. पण पैसा आला की संस्था संपते, हा समज भाबडा आहे. जपानात कोयासान पर्वतावर बौद्ध मठ यात्रेकरूंना खोली, रात्रीचे शाकाहारी जेवण आणि सकाळच्या प्रार्थनेनंतरची न्याहारी रोख पैसे घेऊन देतात. त्यावाचून ते मठ टिकले नसते, हे तिथले भिक्षूही मान्य करतील. वाडीत पूर्वी दक्षिणा, शिधा आणि धान्य या रूपाने जे येत होते, तेच आज ठरलेल्या दराने येते. खरी कसोटी असते ती पाहुणा न येण्याच्या दिवसांत. पुजाऱ्यांची सेवा पाळीपाळीने चालते. आलासच्या भैरंभटांपासून आपली परंपरा सांगणाऱ्या या घराण्यांना पाळी असली तरी आणि नसली तरी गाव सोडून जाता येत नाही. पुराच्या महिन्यांत उत्पन्न जवळपास नसते आणि तरीही नित्यपूजा चुकत नाही. नफ्यासाठी चालवलेला धंदा अशा काळात कुलूप लावून जातो.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि त्याला उत्तर देताना आवाज थोडा खाली आणावा लागतो. ही घरे सर्वांसाठी उघडी नव्हती. सोवळ्याच्या पंगतीत कोण बसेल, सोप्यावर कोण थांबेल आणि कोण दारातूनच परत जाईल, हे जातीवरून ठरत होते. वाडीचे कौतुक करताना हे विसरले तर ते कौतुक खोटे ठरेल. याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी हा प्रश्न नेमका हेरला होता. खेड्यातल्या मुलाला शाळेत जागा मिळून भागत नाही, त्याला शहरात राहायला आणि जेवायला कोण देणार, हा खरा अडसर होता. म्हणून 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग आणि 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात महाराजांनी चहा घेतला, ती घटनाही याच मालिकेतली. कुणाच्या हातचे खायचे आणि कुणाच्या छपराखाली निजायचे, यावरच समाजाचे दार उघडते किंवा बंद होते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. बोर्डिंगांवरही जातवार असल्याची टीका झाली आणि आजही होते, पण ती निराळी चर्चा. पुढे 1947 च्या कायद्याने मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाची वाट मोकळी केली आणि 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने हॉटेले, धर्मशाळा व मुसाफिरखाने उघडे केले. खासगी घराच्या पंगतीपर्यंत मात्र कायद्याचा हात सहज पोचत नाही. तिथला बदल सावकाश आणि अर्धामुर्धाच झाला. त्यात मोठा वाटा देवस्थानाच्या महाप्रसादाचा आणि भक्तनिवासांचा आहे, कारण तिथे ताट आणि खोली जात न विचारता मिळते. आक्षेप मान्य करूनही एवढे म्हणता येते की घरांनी जे काम अपुरे ठेवले, ते पुरे करण्यासाठीच भक्तनिवास लागले. मुक्कामाची गरज होतीच. उणीव दाराच्या रुंदीत होती.

तिसरा आक्षेप आजचा. कोल्हापूर-सांगलीहून मोटारीने यायचे, दर्शन घ्यायचे, बासुंदीचा डबा घ्यायचा आणि घरी जेवायला परत जायचे, असे चालू असताना मुक्कामाच्या घरांचे काय प्रयोजन उरले? याला उत्तर दक्षिणद्वार देते. नदी चढत असताना पाणी उत्तरेच्या दाराने मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या प्रवाहात स्नान करण्याला भाविक मोठे पुण्य मानतात. पाणी चढताना जसा हा योग येतो, तसा उतरतानाही येतो. पण तो कधी साधेल, हे पंचांगात नसते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की नाही, कोयनेतून किती सोडले आणि कृष्णा पुढे किती खेचते आहे, यावर सारे अवलंबून. कधी योग मध्यरात्री जमतो, कधी पाणी एक-दोन पायऱ्यांवर अडून राहते आणि सकाळी उतरू लागते, तर कधी ते इतक्या वेगाने चढते की दारे भरून जातात आणि आत जाणेच धोक्याचे होते. अशा प्रसंगासाठी आगाऊ खोली राखून ठेवता येत नाही. बातमी लागताच निघालेला माणूस रात्री दोनला दारात उभा राहतो आणि त्याला ओले कपडे बदलायला, पाठ टेकायला आणि पाणी कुठवर आले ते विचारायला घर लागते. दर बारा वर्षांनी येणाऱ्या कन्यागतासारख्या पर्वाची तयारी शासन महिनोन्‌महिने करू शकते, 2016 मध्ये तशी ती झालीही. दक्षिणद्वाराची तयारी फक्त तेच घर करू शकते, जे घाटाच्या पायऱ्या रोज मोजते.

आणि तरीही चौथा आक्षेप उरतो. तो सर्वांत अवघड आहे. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर संगमावर मुक्कामाची सोय असावी तरी का? 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याची पातळी 55 फुटांच्या वर गेली आणि 2021 च्या जुलैत तिने 56 फूट ओलांडले. शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे पाण्यात होती, माणसांना बोटींनी बाहेर काढावे लागले आणि पाणी दिवसच्या दिवस हलले नाही. पूर हा आमचा पाहुणाच आहे, असे म्हणण्याची वाडीकरांना हौस आहे. ज्याचे धान्य आणि अंथरूण भिजले, त्याला ते म्हणणे किती पटेल, हे सांगवत नाही. पण या आक्षेपाचा रोख जुन्या घरांवर ठेवला, तर तो चुकीच्या जागी लागतो. जुन्या घरात धान्य माळ्यावर, अंथरुणे माडीवर आणि जड सामान थोडे, असा रिवाज होता, कारण घर बांधणाऱ्याच्या बापाने पाणी पाहिलेले होते. पाणी वाढते असे दिसले की आधी पाहुण्याला वाटेला लावायचे आणि मग घरचे आवरायचे, हाही त्यातलाच शिरस्ता. भीती आहे ती अलीकडच्या इमारतींची. गाडीतळाला जवळ पडते म्हणून सखल जागेत उभ्या राहिलेल्या, तळमजल्यावर खोल्या, विजेचे मीटर आणि जनित्र ठेवणाऱ्या, पावसाळ्याचा विचार न करता आरक्षण घेणाऱ्या. जलसंपदा विभागाच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन मोठे पूर दोन वर्षांच्या अंतराने आले, तेव्हा या वर्षांच्या हिशेबावर किती विसंबायचे, हे प्रत्येक घरमालकाने स्वतःला विचारायला हवे.

म्हणून मुक्काम बंद करा, असा निष्कर्ष यातून निघत नाही. मुक्कामाची जागा आणि रीत जुन्या घरांकडून शिका, असा निघतो. नव्या भक्तनिवासाची जोती कुठवर उंच घ्यावीत, तळमजल्यावर काय ठेवू नये, राजाराम बंधाऱ्याची पातळी किती झाली की पाहुण्यांना निरोप द्यावा, पाणी आल्यावर स्वयंपाक कुठे हलवावा, आणि अडकलेल्यांसाठी किती दिवसांचा शिधा माळ्यावर असावा, याची उत्तरे वाडीच्या वयस्कर माणसांना तोंडपाठ आहेत. ती कागदावर आलेली नाहीत. कोणत्या वर्षी कोणत्या बोळात, कोणत्या घराच्या कोणत्या पायरीपर्यंत पाणी आले, याची घरवार नोंद करण्याचे काम देवस्थान, ग्रामपंचायत आणि पुजारी घराणी मिळून एका उन्हाळ्यात उरकू शकतील. खर्च थोडा आहे, माणसे अजून हयात आहेत. देवस्थानाच्या पुढच्या स्मरणिकेत उत्सवांच्या छायाचित्रांबरोबर तो तक्ता छापला, तर वाडीला उतरू पाहणाऱ्याला निघण्यापूर्वीच कळेल की आपली पथारी पाण्याच्या रेषेच्या वर आहे की खाली.